शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रसेनजीतबद्दल कुणी विचारायला आलं की आधी त्यानं कॅसेटी किती काढल्या ते विचारतं. एकेचाळीस. त्यातल्या चौतीस कॅसेटींत ढोलकी माझी. पण मला सांगायचं आहे ते एकाच गाण्याचं, आणि त्यातल्याही शेवटच्या कडव्याचं. ते सांगताना मान वर होत नाही, त्याचीही आणि माझीही. त्याचं निदान चार लोकांना कळलं. माझं मी पंधरा वर्षं झाकून ठेवलं.

मी बाळासो. दिवसा एसटीच्या वर्कशॉपात पत्रा ठोकायचो आणि संध्याकाळी ढोलकी. बायको म्हणायची, ह्या माणसाला ठोकण्याशिवाय काही येत नाही. खरंच होतं ते.

प्रसेनजीत मलकापूरजवळच्या एका वाडीचा. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला आणि नातू झाल्यावर त्याला बुद्धाच्या काळातल्या राजाचं नाव ठेवलं. नाव राजाचं आणि अंगात सदरा मामाचा. शाळेतल्या मास्तरांनी ते नाव कधी तोंडातून काढलंच नाही. हजेरीला ते त्याला ‘परसू’ म्हणत. "एवढं मोठं नाव तुला कशाला रं?" असं सगळ्या वर्गासमोर विचारत. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि तेही हसत हसत. मला वाटतं नावाची भूक त्याला तिथंच लागली. ती पुढं कधी भागली नाही.

चौऱ्याऐंशी साली तो कोल्हापुरात आला, उद्यमनगरात लेथवर लागला आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गाऊ लागला. आमची गाठ सिद्धार्थनगरात पडली. तिथल्या जयंतीला त्यांचा ढोलकीवाला आला नव्हता, मी प्रेक्षकांतून उठून बसलो, तो बसलोच. त्याचा आवाज गोड मुळीच नव्हता. खाली खरखरीत, पण वरच्या पट्टीत गेला की मांडवातली बायामाणसं बोलायची थांबायची. एक्क्याण्णव साली त्याची पहिली कॅसेट निघाली. त्र्याण्णवला त्यानं लक्ष्मीपुरीत एक खोली घेऊन स्वतःची कंपनी काढली. कंपनीचं नाव काय ठेवलं असेल? ‘प्रसेनजीत ध्वनी’. खोलीत कॅसेटी भरायची दोन यंत्रं, एक टेबल, आणि मागं पडदा लावून केलेली साठ्याची जागा. गाणारा तोच, चाल लावणारा तोच, कॅसेट काढणारा तोच, आणि जीपवर कर्णे बांधून गावोगाव वाजवत विकणाराही तोच.

एक मात्र लिहायलाच हवं, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय करीन. नव्या गळ्याला त्यानं जेवढा आधार दिला तेवढा कुणी दिला नाही. हुपरीत पैंजणांच्या कड्या डाक लावून सांधणारी एक पोरगी गाते म्हणून कळलं, तर हा स्वतः जाऊन तिच्या आईला हातापाया पडून घेऊन आला. तिच्या कॅसेटवर तिचा फोटो मोठा आणि ह्याचा टिकलीएवढा. असा माणूस. म्हणूनच मला धोंडीरामआण्णांच्या बाबतीत जे झालं त्याचा राग येतो. मनाचा कोता असता तर सोडून दिलं असतं.

धोंडीरामआण्णा कबनूरचे. यंत्रमागावर कामाला. मागाच्या खडखडाटात चार तास उभं राहून गाणी रचायचे आणि सुट्टी झाली की सुताच्या बाचक्यातून निघालेल्या पुठ्ठ्यावर लिहून काढायचे. त्यांच्या बायकोचं नाव तानूबाई. ब्याण्णव साली गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं तानूवैनी सही करायला शिकल्या. रेशनच्या दुकानात दुकानदारानं सवयीनं शाईचा डबा पुढं सरकवला, तेव्हा वैनींनी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. झालं होतं एवढंच. आण्णांनी त्याचं गाणं केलं:

अंगठा पुसला गं बाई, माझा अंगठा पुसला
भीमरायाच्या लेखणीला हात माझा बसला

आता आमच्या गाण्यांची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाणं कुणाचं हे आमच्यात कागदावर राहत नाही, गाण्यातच राहतं. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. वही भिजली, पुठ्ठा चुलीत गेला, तरी गाणं म्हणणाऱ्याच्या तोंडातून कवीचं नाव येतंच. त्यामुळं शेवटचं कडवं गाळणारा गायक आमच्यात चोरच समजतात. आण्णांचं शेवटचं कडवं असं होतं:

धोंडीराम म्हणे, तानूबाई, सही कर ठळक गं
पुसला अंगठा, उरलं नाव, हीच आपली वळख गं

कबनूरच्या कार्यक्रमात आण्णांनी तो पुठ्ठा प्रसेनजीतच्या हातात दिला. मी शेजारीच ढोलकी आवळत होतो.

"म्हण की रं तू," आण्णा म्हणाले. "माझ्या गळ्यात काय दम न्हाय. फकस्त शेवटचं कडवं गाळू नगंस. तानीचं नाव हाय त्यात."

"गाळतोय व्हय आण्णा," प्रसेनजीत म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

त्यानं कडवं गाळलं नाही, हेही खरंच आहे.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत आम्ही राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसलो. आण्णा येणार होते, पण त्यांना पाळी बदलून मिळाली नाही. सात गाणी झाली, आठवं ‘अंगठा पुसला’. शेवटच्या कडव्याला प्रसेनजीत थांबला. म्हणाला, "धोंडीराम कोण हे मुंबईपुण्यात कुणाला ठावं हाय? कॅसेट आपली, नाव दुसऱ्याचं. ऐकणारा गोंधळंल की." मग आमच्या कुणाकडं न बघता म्हणाला, "आत्ता माझं नाव घालून घिऊ. दुसऱ्या खेपेला आण्णांस्नी बोलवून नीट करू."

कोरसवाले हसले. मीही हसलो. त्या वेळी मला ती गंमत वाटली, आणि ते लिहितानाही लाज वाटते.

पण नाव बसेना. ‘धोंडीराम’ त्या ओळीत कसं बरोबर समेवर उतरायचं. ‘प्रसेनजीत’ लांब. दोनदा म्हणून बघितलं, दोन्हीदा चाल घसरली. तिसऱ्यांदा घसरल्यावर तो वैतागून म्हणाला, "जाऊ दे, न्हाय बसत. आण्णांचंच म्हणूया."

इथंच हे सगळं मिटलं असतं. मी गप्प बसलो असतो तर मिटलं असतं. पण माझ्यातला कारागीर जागा झाला. वाकडा पत्रा दिसला की माझा हात शिवशिवतो. मी म्हणालो, "थांब रं. नाव ओढून म्हण आणि दम घे. मोकळ्या जागंत मी चार थापा टाकतो. मग ‘म्हणे’ उचल."

त्यानं तसं केलं. प्रसेनजीत, मग माझ्या चार थापा, मग ‘म्हणे, मायबाई, सही कर ठळक गं’. झकास बसलं. ‘तानूबाई’ची ‘मायबाई’ झाली, कारण तानूबाई कोण हे तरी कुणाला माहीत होतं? नवरा-बायको दोघंही एका ओळीतून बाहेर गेले आणि स्टुडिओवाल्यानं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

कॅसेटवर छापलं: गीत, संगीत, गायन, निर्मिती – प्रसेनजीत.

चौदा एप्रिलला ते गाणं कोल्हापूर जिल्ह्यात वाजलं नाही असं गाव नसेल. बिंदू चौकात मिरवणुका एकामागं एक येत होत्या आणि प्रत्येक गाडीवर ‘अंगठा पुसला’. लोकांना सगळ्यात काय आवडलं असेल तर त्या चार थापा. नाव यायचं, लोक हात वर करायचे, आणि हजार हात एकदम चार टाळ्या वाजवायचे. माझी छाती फुगली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज सगळं कोल्हापूर माझ्या तालावर नाचलं. नाव झाकायला मारलेलं ठिगळ लोकांना जरीकाठ वाटलं, आणि मी ते खुशाल वाटू दिलं.

मे महिन्यात आण्णा कबनूरहून आले. दुपारची वेळ. आम्ही दोघं लक्ष्मीपुरीच्या खोलीत होतो. प्रसेनजीतनं खिडकीतून त्यांना रस्ता ओलांडताना बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पुण्याला गेलाय म्हणून सांग," एवढं म्हणून तो पडद्यामागं साठ्याच्या जागेत शिरला.

आण्णा आत आले. मी म्हणालो, "बसा आण्णा. प्रसेनजीत पुण्याला गेलाय." वयानं मोठ्या माणसाच्या तोंडावर इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"असू दे. बसतो जरा," आण्णा म्हणाले. मी चहा मागवला. ते चहा प्यायले. दोन तास बसले. पडद्यामागं हवा नव्हती. कॅसेटींच्या खोक्यांत प्रसेनजीत उभा होता आणि त्याला खोकता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आण्णा मात्र माझ्या पोराबाळांची चौकशी करत होते. गाण्याचा विषय त्यांनी अगदी शेवटी काढला, आणि आवाज जरा मोठा करून काढला.

"आमच्या गल्लीत वाजलं जयंतीला," ते म्हणाले. "तानीनं बायका गोळा केल्या हुत्या. आता माझं नाव येतंय बघा म्हणून सांगून बसलीती. मग आलं ते आलं. बायका हसल्या. ती उठून आत गेली." मग म्हणाले, "भांडायला न्हाय आलो मी. गाणं त्येच्या गळ्यानंच गावोगाव गेलं, माझ्या पुठ्ठ्यानं गेलं नसतं. फकस्त दुसऱ्या खेपेला छापशीला तवा शेवटचं नीट करा म्हणावं. माझं न्हाय घातलं तरी चालंल. तानीचं तेवढं घाला."

मी मान हलवली. आण्णा उठले, दाराशी गेले आणि चपला घालता घालता थांबले. उंबऱ्याबाहेर प्रसेनजीतचे पांढरे बूट होते. कॅसेट गाजल्यावर त्यानं हौसेनं घेतलेले. तसले बूट आमच्या कुणाच्याच पायात नव्हते आणि साऱ्या जिल्ह्यानं ते स्टेजवर बघितले होते.

"त्येचं बूट आत घ्या बाळासो," आण्णा म्हणाले. "वळवाचं आभाळ आलंय. भिजतील."

ते गेल्यावर प्रसेनजीत पडद्याबाहेर आला तो घामानं निथळत. बूट मी आत घेऊन टेबलाखाली ठेवले होते. त्यांच्याकडं बघत तो खाली बसला. "उद्या जातो कबनूरला," म्हणाला. तो उद्या अकरा वर्षं आला नाही.

दुसरी खेप निघाली, तिसरी निघाली, सातवी निघाली. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "तासाभराचं काम हाय, आण्णांस्नी बोलवू." तो म्हणायचा, "ह्या जयंतीनंतर." पहिल्या वर्षी तो लाजेनं टाळत होता. पुढं वेगळंच झालं. लोक त्याला रस्त्यात अडवून तेच कडवं म्हणून दाखवू लागले. शाळेत ज्याला परसू म्हणत त्याचं अख्खं नाव पोरंसोरं ओढून ओढून म्हणत होती. ते नाव गाण्यातून काढायचं म्हणजे स्वतःच्या हातानं पुन्हा परसू व्हायचं. त्याच्यानं ते झालं नाही. मी फार जोर लावला असं सांगणार नाही. नाव गेलं असतं तर माझ्या चार थापाही गेल्या असत्या.

मग सीडी आल्या, पाठोपाठ एका सीडीत दोनशे गाणी कोंबून फुटपाथवर विकणारे आले. कॅसेटीची यंत्रं भंगारात गेली, मास्टर टेपला बुरशी आली. दोन हजार पाच साली, पावसाळ्यात, धोंडीरामआण्णा गेले.

पुण्यानुमोदनाला आम्ही कबनूरला गेलो. वंदना झाली, दोघंतिघं आण्णांविषयी बोलले, आणि कुणीतरी म्हणालं, मोठे गायक आलेत, त्यांनी एक गाणं म्हणावं. प्रसेनजीत उठला. तो आधीच ठरवून आला होता, बसमध्ये ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होता. ‘अंगठा पुसला’ सुरू झालं. वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीला लागून त्यांची नात संघप्रिया, आठनऊ वर्षांची. पोरगी सुरुवातीपासून बरोबरीनं म्हणत होती. तिच्याबरोबर हळूहळू सगळी गल्ली म्हणू लागली.

शेवटचं कडवं आलं. प्रसेनजीतनं डोळे मिटले आणि म्हटलं, "धोंडीराम म्हणे, तानूबाई..."

पण त्याचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. साऱ्या गल्लीनं एका सुरात ‘प्रसेनजीत’ म्हटलं आणि हात वर करून चार टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठा आवाज संघप्रियाचा होता. आज्याचा फोटो समोर, त्याला हार घातलेला, आणि नात त्याच्याच गाण्यात दुसऱ्याचं नाव खणखणीत म्हणते आहे. तिची काय चूक? तिनं जन्मापासून तेच ऐकलं होतं.

प्रसेनजीत तिथंच खाली बसला. नंतर वैनींच्या पायाशी गेला आणि रडायला लागला. म्हणाला, "पोरगीबी तसंच म्हणती की वो वैनी."

"पोरीला कशाला बोल लावतोस?" वैनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कॅसेटात जसं हाय तसंच म्हणंल ती." मग म्हणाल्या, "रडून काय हुतंय. जिता हाईस तवर दर साली एका गावात तरी नीट म्हणत जा. आन कुठं म्हणलास त्ये मला येऊन सांगत जा."

तेव्हापासून आम्ही जातो. प्रसेनजीतनं कंपनीची खोली सोडली, एका प्लास्टिकच्या दुकानात हिशेबाला बसतो, पण चौदा एप्रिलच्या आठवड्यात एखादं गाव धरतो आणि मांडवात उभा राहतो. नाव जाहीर करू नका म्हणून आधीच सांगतो. केस गेलेत, दात पडलेत, त्यामुळं त्याला कुणी ओळखतही नाही.

दोन हजार नऊला त्यानं मलकापूर धरलं, स्वतःच्या वाडीजवळचं. मांडवामागं डीजेची भिंत उभी होती. ती लागायच्या आधी कार्यकर्त्या पोरांनी आम्हाला दहा मिनिटं दिली. त्यानं गाणं म्हटलं. आवाज फाटका झालाय, पण वरच्या पट्टीत अजून धार आहे. शेवटचं कडवं त्यानं स्वच्छ म्हटलं, धोंडीराम म्हणे, तानूबाई. मी ढोलकी सरळ नेली, थापा टाकल्या नाहीत. लोक हात वर करून थांबले होते, ते तसेच राहिले आणि मग गलका सुरू झाला.

माईक धरणारा पोरगा जवळ आला. चांगला होता बिचारा, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हळू बोलला. "पावणं, शेवटचं चुकलं तुमचं. तिथं प्रसेनजीत हाय. आन चार थापा बी राहिल्या तुमच्या."

प्रसेनजीत त्याच्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता सांगेल, मीच तो. एवढा मोठा मांडव, स्वतःचा मुलूख, सांगितलं असतं तर पोरांनी डोक्यावर घेतलं असतं. तो म्हणाला, "न्हाय रं बाळा. हे धोंडीरामआण्णांचं गाणं हाय. कबनूरच्या."

"न्हाय वो," पोरगा हसला. "सगळ्यास्नी ठावं हाय कुणाचं हाय ते." आणि लोकांचा हिरमोड नको म्हणून त्यानं डीजेवाल्याला खूण केली. त्या भिंतीतून पंधरा वर्षांपूर्वीचा प्रसेनजीत गाऊ लागला. शेवटच्या कडव्याला त्यानं आपलं नाव ओढलं, माझ्या चार थापा पडल्या आणि सारं मलकापूर नाचलं. आम्ही दोघं मांडवाच्या कडेला उभे होतो. माझी ढोलकी गळ्यात होती आणि मी ती दोन्ही हातांनी झाकून धरली होती.

दुसऱ्या दिवशी कबनूरला गेलो. वैनी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. "औंदा कुठं म्हणलासा?" त्यांनी विचारलं.

"मलकापुरात."

"ऐकलं का लोकांनी?"

खोटं बोलणं सोपं होतं. प्रसेनजीत म्हणाला, "न्हाय वैनी. चुकलं म्हणाली पोरं मला."

वैनींनी दोन शेंगा फोडल्या. "मग फुडल्या साली परत मलकापूरच," त्या म्हणाल्या.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. चार वर्षं हा माणूस वैनींपुढं एकटा मान खाली घालून बसत होता आणि मी शेजारी साक्षीदारासारखा चहा पीत होतो. मी म्हणालो, "वैनी, ह्यानं तवाच सोडून दिलं हुतं. ह्येचं नाव बसतच नव्हतं. त्या चार थापा टाकून म्या बसवलं."

वैनींनी माझ्याकडं बघितलं.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "मालकांनी पैल्यांदा ऐकलं तवाच सांगितलं मला. म्हणाले, नाव त्या ओळीत बसणारं न्हवतं, ढोलकीवाल्यानं बसवलंय. लई गुणाचा हात हाय म्हणाले. पर ह्ये तुमच्या तोंडावर बोलायचं न्हाय असं ठरवून गेलते कोल्हापूरला."

त्यांनी शेंगांची पाटी आमच्यापुढं सरकवली आणि चहा टाकायला आत गेल्या.